वकील कोणाचा?

२०१७ च्या फेब्रुवारीत माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मुलीला, अमेरिकेला जायचं होतं. निकाह होऊन वर्ष उलटून गेलं होतं. जावई तिकडेच जन्मलेला, मूळ हैदराबादी घरातला, मिनेसोटा राज्यात मिनीॲपोलिस शहरात नोकरीला. व्हिसा हातात आला होता. तिकीट सोमवारचं, ६ फेब्रुवारीचं. बॅगा भरून तयार होत्या, त्यात आपल्या सोलापूरची शेंगाचटणी चार पाकिटं. आणि नेमका त्याआधी, २७ जानेवारीला, ट्रम्पसाहेबांचा तो हुकूम निघाला. इराण, इराक, लिबिया, सोमालिया, सुदान, सीरिया आणि येमेन या सात देशांच्या नागरिकांना नव्वद दिवस प्रवेश बंद.

भारताचं नाव यादीत नव्हतं. पण आपाला हे कोण समजावणार? "आज सात आहेत, सोमवारपर्यंत आठ होतील," एवढंच ती म्हणायची आणि पुन्हा टीव्हीसमोर बसायची. तो आठवडा आमच्या घरात कोणी नीट जेवलं नाही.

शनिवारची सकाळची शाळा होती. स्टाफरूममध्ये मोबाइलवर बातमी वाचली. सिएटलच्या एका न्यायाधीशाने त्या हुकमाला देशभर स्थगिती दिली होती. दावा केला होता वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने, बॉब फर्ग्युसन यांनी. हुकूम निघाल्यावर तिसऱ्या दिवशीच ते कोर्टात गेले होते, आणि नंतर त्या दाव्यात मिनेसोटा राज्यही सामील झालं होतं. भाची जिथे निघाली होती तेच राज्य. मी बातमी मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा आमच्या गणिताच्या सरांनी विचारलं, "ॲटर्नी जनरल म्हणजे सरकारचाच वकील ना? मग तो सरकारच्याच विरोधात कसा गेला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घंटा झाली आणि मी आठवीच्या वर्गात 'प्रयोग' शिकवायला गेलो. पण प्रश्न डोक्यात राहिला.

उत्तर तसं अवघड नाही. अमेरिकेत केंद्राचा वेगळा ॲटर्नी जनरल असतो आणि पन्नास राज्यांचे आपापले पन्नास. राज्याचा ॲटर्नी जनरल त्या राज्याच्या वतीने कोर्टात उभा राहतो. नदीत विष सोडणारी कंपनी असो, गिऱ्हाइकाला फसवणारी बँक असो की दिल्लीसारखं तिकडचं केंद्र सरकार असो, तो कोणावरही दावा लावू शकतो. आपल्याकडे राज्याचा महाधिवक्ता असतो. घटनेच्या १६५ व्या कलमाप्रमाणे त्याला राज्यपाल नेमतात आणि राज्यपालांची मर्जी असेपर्यंत तो पदावर असतो. मर्जी म्हणजे अर्थातच मंत्रिमंडळाची. तिकडे पन्नासपैकी त्रेचाळीस राज्यांत हे पद लोक मत देऊन भरतात. (पाच राज्यांत गव्हर्नर नेमतो, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं आणि टेनेसीत तर राज्याचं सर्वोच्च न्यायालयच नेमतं.) गव्हर्नर एका पक्षाचा आणि ॲटर्नी जनरल दुसऱ्या पक्षाचा, असंही घडतं. थोडक्यात, तो सरकारचा नोकर नसतो, त्याचे मुवक्किल म्हणजे थेट लोक.

वकील हा शब्द अरबीतून आपल्याकडे आला. ज्याच्यावर काम सोपवलं तो वकील, ज्याने सोपवलं तो मुवक्किल. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात पाठवलेला आपला माणूस. आपल्या निकाहातही वकील असतो. दोन साक्षीदारांना घेऊन तो मुलीकडे जातो, अमक्याशी, एवढ्या मेहरवर निकाह मंजूर आहे का ते विचारतो आणि तिची संमती घेऊन काझींकडे येतो. या भाचीच्या निकाहात तिचा वकील मी होतो. त्याविषयी पुढे बोलेन, कारण बोलल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

स्थगिती टिकली, ती सोमवारी गेली आणि सुखरूप पोचली. फर्ग्युसन हे नाव आमच्या घरात काही दिवस दुवेत घेतलं जात होतं. आपाला ते उच्चारता येत नसे, ती "वो वकीलसाब" म्हणायची.

मग पाच वर्षं गेली. भाची तिकडची नागरिक झाली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तिचं पहिलं मतदान आलं. एका रविवारी तिचा फोन आला. "मामू, इथं वकिलाची निवडणूक चाललीय आणि रोज टपालपेटीत चार-चार रंगीत कार्डं पडतायत. एका कार्डावर तो देवमाणूस, दुसऱ्यावर तोच गुन्हेगारांचा यार."

तो म्हणजे कीथ एलिसन. २००६ साली अमेरिकेच्या काँग्रेसवर निवडून आलेले ते पहिले मुसलमान. थॉमस जेफरसन यांच्या संग्रहातली कुराणाची प्रत हातात घेऊन त्यांनी शपथेचा फोटो काढला होता. तो तेव्हा आपल्या उर्दू वर्तमानपत्रांतही झळकला होता. २०१८ साली ते मिनेसोटाचे ॲटर्नी जनरल म्हणून निवडून आले. जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाचा खटला त्यांच्याच कार्यालयाने चालवला आणि एप्रिल २०२१ मध्ये पोलीस अधिकारी डेरेक शॉविनला दोषी ठरवून घेतलं. म्हणून २०२२ ची लढत तापलेली होती.

भाचीचा प्रश्न वेगळाच होता. तिच्या मोबाइलवर मेसेज आला होता, पंचवीस डॉलर द्या, एलिसनसाहेबांसारख्या ॲटर्नी जनरलांना निवडून आणा. जावई म्हणत होते, देऊन टाक, आपला माणूस आहे. तिला मात्र खटकत होतं की पैसे एलिसन मागत नव्हते, कुठली तरी देशपातळीवरची संघटना मागत होती. विरोधातल्या कार्डांवर बारीक अक्षरात छापलेलं नाव मिनेसोटाच्या एखाद्या स्थानिक मंडळासारखं वाटायचं, पण त्याचा माग काढला की तो तशाच दुसऱ्या एका देशपातळीवरच्या संघटनेपाशी जायचा. "मामू, तुम्ही वाचता, जरा बघून सांगा ना."

मी वाचायला लागलो. दिवाळीची सुट्टी त्यातच गेली.

संघटना दोन आहेत. रिपब्लिकन ॲटर्नीज जनरल असोसिएशन, तिला रागा म्हणतात. दुसरी डेमोक्रॅटिक ॲटर्नीज जनरल असोसिएशन, ती डागा. मराठी कानाला एकीत राग ऐकू येतो, दुसरीत डाग. दोघींचं काम एकच, आपल्या पक्षाचे जास्तीत जास्त ॲटर्नी जनरल निवडून आणणं.

त्यांची मुळं तंबाखूत आहेत. १९९४ साली मिसिसिपीच्या ॲटर्नी जनरलने, माइक मूर यांनी, सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. सिगारेट ओढून आजारी पडलेल्या गरिबांच्या इलाजावर राज्याचा पैसा जातो, तो या कंपन्यांनी भरून द्यावा, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. लोकांना आधी वेडेपणा वाटला. मग एकामागून एक राज्यं दावे घेऊन उभी राहिली. नोव्हेंबर १९९८ मध्ये चार बड्या कंपन्यांनी सेहेचाळीस राज्यांशी तडजोड केली, पंचवीस वर्षांत २०६ अब्ज डॉलर द्यायचं कबूल करून. मिसिसिपीसह बाकी चार राज्यांनी त्याआधीच आपापली वेगळी तडजोड करून घेतली होती.

तंबाखूवाल्यांचं झालं ते पाहून बाकीच्या धंद्यांचे कान टवकारले. उद्या बंदुका, परवा औषधं, तेरवा तेल. हे राज्यांचे वकील एकत्र आले तर काय करू शकतात ते दिसलं होतं. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, रागा निघाली. तिच्या स्थापनेत अलाबामाचे ॲटर्नी जनरल बिल प्रायर होते, आणि असल्या दाव्यांचे ते उघड टीकाकार होते. २००३ साली केंद्राचे न्यायाधीश म्हणून त्यांचं नाव पुढे आलं तेव्हा सिनेटमध्ये रागासाठी गोळा केलेल्या पैशांवरून त्यांना प्रश्न विचारले गेले. डेमोक्रॅट मागे कसे राहतील? २००२ मध्ये डागा आली. त्याआधी १९०७ पासून सगळ्या ॲटर्नी जनरलांची एक सामाईक संघटना होतीच, अजूनही आहे, पक्ष न पाहणारी. पण ती निवडणुका लढवत नाही.

काम कसं चालतं? राज्यातल्या उमेदवाराला थेट किती पैसे द्यावेत याला बऱ्याच राज्यांत मर्यादा आहे. या संघटनांना देण्याला मर्यादा नाही. म्हणून कंपन्या, धंद्यांचे संघ, आणि दुसऱ्या बाजूला कामगार संघटना आणि मोठमोठे दावे लढवणाऱ्या वकिली पेढ्या, असे सगळे तिथे पैसे भरतात. काही कंपन्या दोन्ही दारांत भरतात, कोणीही जिंकलं तरी ओळख राहावी म्हणून. सगळ्यांचा पैसा एका हंड्यात पडतो आणि मग जिथे लढत अटीतटीची आहे त्या राज्यात ओतला जातो. कार्डावर हंड्याचं नाव असतं. पाणी कोणाकोणाच्या विहिरीचं ते कार्डावर नसतं. जास्त भरणाऱ्याला वर्षातून काही वेळा एखाद्या झकास रिसॉर्टवर ॲटर्नी जनरलांसोबत जेवायला, गोल्फ खेळायला, गप्पा मारायला मिळतं. यात बेकायदेशीर काही नाही, आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

त्या गप्पांतून काय निघतं त्याचं एक उदाहरण न्यूयॉर्क टाइम्सच्या एरिक लिप्टन यांनी डिसेंबर २०१४ मध्ये छापलं. ओक्लाहोमाचे ॲटर्नी जनरल स्कॉट प्रुइट यांनी २०११ साली केंद्राच्या पर्यावरण खात्याला एक पत्र पाठवलं होतं. तुम्ही गॅसविहिरींच्या प्रदूषणाचा अंदाज फुगवून सांगता, अशी तक्रार त्यात होती. पत्र राज्याच्या शिक्क्याचं, खाली सही ॲटर्नी जनरलची. मजकूर मात्र डेव्हन एनर्जी या तेल-गॅस कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलेला, जवळजवळ शब्दशः. हेच प्रुइट रागाचे अध्यक्षही होते. लिप्टन यांना या लेखनासाठी २०१५ चा पुलित्झर मिळाला. प्रुइट यांना काय मिळालं? २०१७ मध्ये ट्रम्पसाहेबांनी त्यांना त्याच पर्यावरण खात्याचं प्रमुख केलं.

मी तीस मुलांच्या वह्या तपासणारा माणूस. एकाचा निबंध दुसऱ्याच्या वहीत सापडला की मी दोघांना उभं करतो.

डागावाल्यांनी खूश होऊ नये. पर्ड्यू फार्मा या औषध कंपनीने आपल्या वेदनाशामक गोळ्यांनी लाखो लोकांना व्यसन लावलं असा आरोप होता आणि पुढे बहुतेक सगळी राज्यं तिच्यावर दावे घेऊन गेली. त्या कंपनीने रागालाही पैसे दिले होते आणि डागालाही. दावे तरीही लागले, हे सांगायला हवं. पैसे दिले म्हणजे वकील विकत मिळतोच असं नाही.

दोन्ही संघटनांत पूर्वी एक समजूत होती. खुर्चीवर बसलेल्या ॲटर्नी जनरलच्या विरोधात दुसऱ्या पक्षाच्या संघटनेने पैसा लावायचा नाही. कारण उद्या याच माणसाबरोबर मिळून एखाद्या कंपनीवर दावा लावायचा असतो. तंबाखूच्या दाव्यात दोन्ही पक्षांची माणसं होती. २०१७ मध्ये रागाने ही समजूत मोडली. तेव्हापासून सगळे एकमेकांच्या खुर्चीखाली आग लावायला मोकळे झाले. जानेवारी २०२१ मध्ये तर रागाच्या जोडसंस्थेने ध्वनिमुद्रित फोन करून लोकांना ६ तारखेला कॅपिटॉलवर मोर्चाला बोलावलं. त्या दिवशी पुढे काय झालं ते सगळ्या जगाने पाहिलं. काही दिवसांत रागाच्या कार्यकारी संचालकांनी राजीनामा दिला. म्हणजे दोन्हींना एकाच तराजूत घालून "सगळे सारखेच" म्हणणं मला पटत नाही. पण हंडा दोघींकडेही आहे.

इथवर वाचून मी स्वतःशीच अडखळलो. २०१७ मध्ये आम्ही ज्याला दुवा दिल्या तो फर्ग्युसनही डेमोक्रॅट. त्याच वेळी टेक्सासचे रिपब्लिकन ॲटर्नी जनरल कोर्टात त्या बंदीच्या बाजूने म्हणणं मांडत होते. म्हणजे विमानतळावर अडकलेल्या येमेनी बाईच्या वतीने राज्य उभं राहणार की तिच्या विरोधात, हे त्या खुर्चीत कोण बसलंय त्यावर ठरत होतं. आणि खुर्चीत कोण बसणार यात या हंड्याचा हात आहे. आपल्या बाजूचा निकाल आला की आपण हंड्यात डोकावून पाहत नाही, हे मला कबूल करावं लागलं. तो निकालही फार टिकला नाही. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी बंदीची तिसरी आवृत्ती कायम केली. भाचीच्या शेजारी एक सोमाली कुटुंब राहतं. त्या घरातल्या बाईची आई बायडन यांनी जानेवारी २०२१ मध्ये हुकूम रद्द करेपर्यंत येऊ शकली नाही.

भाचीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मामू, लाच नाही, नुसतं जेवण."

आणि मला घाम फुटला.

तिच्या निकाहाच्या वेळची गोष्ट. मेहरचा आकडा आधी ठरला होता आणि तो लगेच द्यायचा असंही ठरलं होतं. उर्दूत त्याला मेहर-ए-मुअज्जल म्हणतात, ऐन अक्षराने लिहिलेलं. दुसरंही एक मुअज्जल आहे, हमजाने लिहिलेलं. त्याचा अर्थ उधार, पुढे कधीतरी द्यायचं. उच्चार अगदी एकच. देवनागरीत तर फरक दिसतच नाही. निकाहाच्या आदल्या दिवशी मी मुलाकडच्यांकडे गेलो होतो. त्यांनी जो पाहुणचार केला तो मी विसरणार नाही. शेजारी बसून मुलाच्या चाच्यांनी स्वतः वाढलं, अंगावर शाल घातली, अत्तर लावलं आणि निघताना हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तरसाहेब, सध्या जरा ओढाताण आहे, मेहर हमजावालं करून घेऊ, काय म्हणता?" मी म्हणालो, बघू.

दुसऱ्या दिवशी काझींच्या नोंदवहीत हमजा होता. मी उर्दूचा शिक्षक, मला तो दिसला. साक्षीदारांना घेऊन मी भाचीपुढे बसलो आणि विचारलं, "अमुक इतक्या मेहर-ए-मुअज्जलवर निकाह मंजूर आहे का?" तिने मान हलवली, हो म्हणाली. ती मराठी माध्यमात शिकलेली. ऐन की हमजा, हे तिला कोण सांगणार होतं? सांगणं माझंच काम होतं. मी खोटं एक अक्षर बोललो नाही. फक्त प्रश्न जरा मऊ करून विचारला.

शालीची किंमत फार तर सातशे रुपये असेल.

तिला हे कधी कळलं ते मला माहीत नव्हतं. तिने कधी काढलं नव्हतं, मीही नाही. त्या रविवारी फोनवर मीच सांगितलं. ती हसली. "मला माहीत आहे मामू. निकाहनामा व्हिसाच्या फायलीत लावताना इंग्रजी तर्जुमा करून घेतला होता ना. त्यात लिहिलं होतं, पुढे देय."

रागा-डागाच्या रिसॉर्टवर नेमकं हेच होत असणार, असं मला तेव्हापासून वाटतं. तिथे खटला विकला जात नसेल. पण ज्या दाराला तुम्ही कालच पाहुणे होतात, ते दार ठोठावताना हात जरा हलका पडतो. कोणता दावा लावायचा, कोणता पुढच्या वर्षी बघू, पत्रात कोणतं वाक्य घ्यायचं, इतकंच. मुवक्किल बिचारा मान हलवतो. आपल्याकडे वकील निवडून येत नाहीत म्हणून आपण सुटलो असंही मला म्हणता येत नाही. कोणी कोणत्या पक्षाला किती दिले हे लपवणारे निवडणूक रोखे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला घटनाबाह्य ठरवले, तोवर सहा वर्षं ते चाललेच होते.

पंचवीस डॉलरचं काय करायचं? मी तिला सांगितलं, द्यायचे असतील तर थेट उमेदवाराला दे, हंड्यात टाकू नको. जावयांचं म्हणणं वेगळं होतं. समोरचे लाखो ओततात आणि आपण पंचवीस डॉलरचा तकवा दाखवत बसायचं का, अशाने हरू. त्यांचं चूक आहे असं मला आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. भाचीने शेवटी एलिसन यांच्या प्रचाराला थेट पैसे दिले आणि ८ नोव्हेंबरला मत दिलं. एलिसन जिंकले, पण एक टक्क्याहूनही कमी फरकाने. दोन्ही बाजूंनी बाहेरचा पैसा इतका आला होता की, ती म्हणाली, निकालानंतरही आठवडाभर जुनी कार्डं घरात सापडत होती.

त्याच फोनवर मी धीर करून विचारलं, "आणि तुझं मेहर?"

"कुठलं मामू, ऐनवालं की हमजावालं?"

मी गप्प.

"दिलं त्यांनी. २०१९ लाच. मी मागितलं नव्हतं, त्यांनीच तर्जुमा वाचला होता."

तीन वर्षं तिने मला हे सांगितलं नव्हतं.